हवावाली की दवावाली?

आमच्या घरमालकीणबाई दुसऱ्यांच्या दोरीवरचे परकर चाटून बघत असत.

लग्नानंतर सासरी पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, तेव्हा पंगतीतले सगळे जेवायचे थांबले होते. पण त्याला माझा इलाज नाही. बाईंची आठवण निघाली की आधी तेच डोळ्यांसमोर येतं. सत्तरच्या दशकातली भिवंडी, नारपोलीतली आमची गल्ली, एका बाजूला यंत्रमागांच्या शेडी, दुसऱ्या बाजूला चाळींचे ओटे, मधे आडव्या दोऱ्यांवर धुणं. आणि त्या धुण्यातून वाट काढत निघालेल्या ठेंगण्या, जाड भिंगांच्या, पन्नाशी उलटलेल्या एम.बी.बी.एस. बाई. चालता चालता त्या थबकायच्या, कुणाचा तरी परकर नाहीतर लंगोट दोन बोटांत धरून चुरगाळायच्या, हुंगायच्या, आणि त्याचं टोक हळूच जिभेला लावायच्या. मग थू करून ओट्याकडे बघत ओरडायच्या, "सोडा राहिलाय! अजून दोन पाण्यांतून काढ!"

नवा माणूस हे बघून हबकायचा. गल्लीला त्याचं काही वाटत नसे. एक म्हातारी तर बाई दिसल्या की आपणहून परकर पुढं करायची, "बघा हो, आज बरा झालाय का?" जणू काही आमटीत मीठ बरोबर आहे का ते विचारतेय.

मी तिथल्या मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. खाली त्यांचा दवाखाना. दवाखान्याची मागची भिंत आणि एका कारखान्याची पुढची भिंत एकच. भिंतीपलीकडे दिवसभर मागांचा खडखडाट. त्यामुळे बाईंना ओरडून बोलायची सवय लागली होती, आणि ती सवय त्या कुठंही गेल्या तरी बरोबर न्यायच्या. देवळात त्या नुसत्या "रामराम" म्हणाल्या तरी पुजाऱ्याच्या हातातली पळी पडायची.

दवाखान्यात त्यांचा एक कायदा होता. शरीराच्या भागाला त्याच्या नावानं बोलवायचं. आता बाईंकडं येणाऱ्यांतले निम्मे लोक अशा जागेची तक्रार घेऊन यायचे की जिचं नाव त्यांनी जन्मात उच्चारलेलं नसायचं. उकाडा, घाम, मागावर तासन् तास उभं राहणं, अंगावर कापसाचे तंतू आणि तेल. जांघा सोलवटून निघायच्या. माणूस यायचा, खुर्चीच्या काठावर बसायचा आणि पुटपुटायचा, "बाई, जरा पर्सनल हाय."

"पर्सनल म्हणजे मालकीचं. घर आहे की जमीन?"

"न्हाय हो. तिकडं खाजतंय."

"तिकडं म्हणजे कुठं? कल्याणला?"

असं करत करत तो घामाघूम होऊन शेवटी एकदाचा नाव घ्यायचा, तेव्हा बाई टेबलावर थाप मारायच्या. "हां! आता निम्मा बरा झालास."

आणखी एक गंमत होती. असल्या गोष्टी आमच्या गल्लीतली अस्सल मराठी माणसंही हिंदीतून सांगायची. हिंदीत लाज कमी लागते असा त्यांचा समज असावा. "डॉक्टरनीजी, गरमी हो गयी है," अशी सुरुवात व्हायची. आता गरमी म्हणजे साधा उन्हाळाही आणि गरमी म्हणजे तो बायकामुलांपासून लपवायचा रोगही. बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कौनसी? हवावाली या दवावाली?"

हवावाली म्हणजे हवा लागली की बरी होणारी. दवावाली म्हणजे औषधाशिवाय न हटणारी. बाईंच्या डॉक्टरकीचा अर्धा भाग हे दोन ओळखण्यात जायचा, आणि उरलेला अर्धा लोकांनी हवावालीची दवावाली करून ठेवू नये म्हणून ओरडण्यात.

मीही तेच करून ठेवलं होतं.

तो मार्च महिना होता. परीक्षा चालू, दिवसभर वर्गात उभं राहणं, आणि अंगात मुंबईहून हौसेनं आणलेले नायलॉनचे आतले कपडे. एके दिवशी खाज सुरू झाली. मी वासाचा साबण जास्त लावला. खाज वाढली. मग जखमा धुवायचं जंतुनाशक, त्यात पाणी न घालताच, तसंच लावलं, आणि खोलीत एका पायावर नाचले. मग हळद. मग पावडर. मग कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी. चौथ्या दिवशी मला नीट चालता येईना. शाळेच्या वाटेवर भिंतीवर जाहिरात रंगवलेली असायची, "गुप्तरोग, निराश होऊ नका." इतके दिवस मी ती शुद्धलेखनाच्या चुकांसाठी वाचत होते. आता ती मलाच उद्देशून लिहिली आहे असं वाटायला लागलं. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा कल्याणचा, सरळ, दर रविवारी भेटायला येऊन समोरच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसणारा. शाळेच्या संडासातून मला काहीतरी भयंकर लागलंय, आता हे लग्न मोडायला हवं आणि कारण सांगता येणार नाही, या विचारानं मी रात्रभर रडले आणि दुपारी खाली दवाखान्यात गेले. माग जोरात चालले होते, म्हणून मुद्दाम ती वेळ निवडली.

"काय होतंय?" बाई ओरडल्या.

"खाज."

"कुठं?"

"खाली."

"खाली माझा दवाखाना आहे. तू वर राहतेस."

मी रडकुंडीला येऊन नाव घेतलं. बाई खूश झाल्या. "शाबास! व्याकरण शिकवतेस ना? सर्वनाम वापरावं, पण आधी नाम माहीत असावं." मग काय काय लावलं ते विचारलं. मी सांगत गेले, त्यांचे डोळे भिंगांमागं मोठे होत गेले. "साबण, औषध, हळद, पावडर, कडुलिंब! अगं, अंग आहे ते. लोणचं घालतेस काय?"

पडद्यामागं नेऊन त्यांनी बॅटरीच्या उजेडात नीट तपासलं. बाहेर येऊन हात धुता धुता उरलेले प्रश्न विचारायला लागल्या, आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली.

भिवंडीत वीज गेली की काय होतं ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. सगळे माग एकदम थांबतात. कानात दडे बसल्यासारखी शांतता होते. आणि त्या शांततेत, मागांच्या वरच्या पट्टीत, बाईंचा आवाज सबंध गल्लीत घुमला:

"अंगावरून पांढरं जातंय का? त्याला वास येतो का? आणि लघवीला जळजळतं का, मास्तरीण?"

गल्लीत मास्तरीण एकच होती.

मला वाटलं, जमीन फाटावी. जमीन काही फाटली नाही, पण समोरच्या ओट्यावरून परकरवाल्या म्हातारीचा आवाज आला. "सांग गो बाय! डाक्टरला लाजू न्हाय!"

मी कसंबसं "नाही" म्हटलं.

"न्हाय म्हनते!" म्हातारीनं पलीकडच्या ओट्याला कळवलं. पलीकडच्या ओट्यानं आणखी पलीकडे कळवलं. कारखान्याच्या खिडकीतून कुणीतरी "अल्ला का शुकर है" म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं.

मी तोंडावर पदर घेतला आणि, देवाशपथ सांगते, मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. बाईही हसायला लागल्या. हसता हसताच त्यांनी निकाल दिला. कातडी चिडलीय, बस्स. आधी नायलॉन आणि घामानं, मग माझ्या उपचारांनी. सगळं बंद करायचं. नुसतं साधं पाणी, सुती सैल कपडे, खाजवायचं नाही. "पण हे ध्यानात ठेव," त्या बोट उगारून म्हणाल्या. "आठवड्यात निवळलं नाही, किंवा फोड आला, जखम झाली, पू दिसला, ओटीपोटात दुखलं, ताप आला, तर माझा हा निकाल रद्द. उठून यायचं, परत तपासायचं. एकदा बघून सगळं कळतं असं सांगणारा डॉक्टर आणि ती भिंतीवरची जाहिरात, दोघं एका माळेचे मणी."

"आणि लग्न?"

"लग्न मोडायचंच असलं तर सासूच्या स्वभावावरून मोड. साबणावरून कशाला मोडतेस?"

दोन-तीन दिवसांतच मला बरं वाटायला लागलं. पण खरी मजा त्याच संध्याकाळी सुरू झाली. मी खोलीत तोंड लपवून बसले होते, तर दारावर टकटक. शेजारच्या चाळीतली एक बाई वाटीभर साखर मागायला आली. साखर घेतली आणि उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमाला बी?" ती गेली तर दुसरी आली. तिसरी तर माझ्याच शाळेतल्या शिपायाची बायको. माझी साखर संपली. सगळ्यांना वाटत होतं की हे आपल्या एकटीलाच झालंय. शिकलेल्या मास्तरणीला होतं म्हटल्यावर त्यांना केवढा धीर आला! मग मीच त्यांना एकेकीला खाली घेऊन जायला लागले. त्यातल्या बहुतेक हवावाल्याच निघाल्या. दोघींना मात्र बाईंनी थांबवून घेतलं, औषध दिलं, आणि "नवऱ्याला घेऊन ये, नाहीतर तू बरी होशील आणि तो परत देईल" असं बजावून पाठवलं.

दवावालीच्या बाबतीत बाई एकदम वेगळ्या व्हायच्या. एकदा एका कारखान्याचा मुकादम आला. उंचापुरा, अत्तर लावलेला, खिशाला दोन पेनं. "बाई, मामुली फोड है. दुखत नाही, खाजत नाही. मलम द्या, मी निघतो." मी दारातच चहा घेऊन उभी होते. बाईंनी त्याला आत नेऊन तपासलं. बाहेर आल्या त्या चक्क कुजबुजत. त्या कुजबुजू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याला म्हणाल्या, "खाजणारं, चुरचुरणारं निदान बोंब तरी मारतं. दुखत नाही, खाजत नाही आणि गप्प बसून राहतं, त्याची मला जास्त काळजी वाटते. रक्त तपासायचं. तुमचं आणि घरच्यांचंही."

मुकादम चपला घालायला वळला, तर चपला दिसेनात. बाई त्यांच्यावर उभ्या होत्या. रक्त दिल्याशिवाय त्या काही हलल्या नाहीत. तपासणीत दवावालीच निघाली. नवरा-बायको दोघांनी सुया घेतल्या आणि दोघंही ठणठणीत झाली. पण बाईंचा बंद झालेला आवाज आणि त्या सुयांच्या खेपा बघून गल्लीनं भलताच धडा घेतला. बाई हळू बोलल्या म्हणजे मोठा रोग! पुढं कुणाशी त्या घसा बसला म्हणून जरी हळू बोलल्या, तरी पेशंट पांढराफटक पडून हात जोडायचा, "बाई, मोठ्यानं बोला हो!" शेवटी बाईंनी युक्ती काढली. खरंच दवावाली असेल, तर आधी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "काही नाही! साबण बदल!" आणि मग पडद्यामागं नेऊन खरं ते सांगायच्या. कुणाची अब्रू त्यांनी कधी बाहेर सांडू दिली नाही. माझी गेली ती वीज मंडळामुळे.

आता भिवंडीजवळच्या शेलार गावची गोष्ट सांगते, कारण त्या दिवशी मी बाईंना घाबरलेलं पाहिलं.

दिवाळीची सुट्टी होती. रंगाईच्या कारखान्यात कामाला असलेला शेलार गावचा एक तरणा पोरगा शिफ्ट सुटल्यावर दवाखान्यात आला आणि दारातच घुटमळला. त्याचं लग्न वैशाखात झालेलं. बायकोला खाज उठली होती, कातडी लाल झाली होती. त्याच्या आईनं आधी तिला गणेशपुरीच्या गरम कुंडात नेऊन बुचकळलं. त्यानं आणखी आग झाली. मग आईनं जाहीर केलं की सून माहेराहून रोग घेऊन आलीय. नुसतं घरात नव्हे, साऱ्या गावात. "बुदवारी तिचा भाव न्यायला येतोय," पोरगा म्हणाला. "आयशीनं पेटी भरून ठेवलीय."

"तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"मना ती पायजे," तो म्हणाला आणि रडायलाच लागला.

दुसऱ्या दिवशी बाई निघाल्या, सोबतीला मला घेतलं. घराच्या ओट्यावर खरोखरच पत्र्याची पेटी ठेवलेली होती आणि पेटीशेजारी ती सून, गुडघ्यांत मान घालून. सासू दारात उभी, कमरेवर हात. "मोटी डाक्टरीन आलीव? बघा, बघा. चांगले घरात घाण आनलीन."

बाई सरळ परड्यात दोरीपाशी गेल्या. पांढऱ्याशुभ्र परकराचं टोक जिभेला लावलं आणि असं काही तोंड केलं की मला वाटलं, यांना विंचू चावला. "हे धुता कशानं?"

सासूला अभिमान वाटला. "सोडा हाय. पोरगा कारखान्यातून आनतो. सगले गावात आमचेसारका सफेत परकर कोनाचा न्हाय."

"आणि पाणी?"

"हीर लांब हाय. एक पानी बास व्हतं."

बाईंनी सुनेला आत नेऊन तपासलं. ती एक अक्षर बोलत नव्हती, नुसती मान हलवत होती. बाहेर आल्यावर बाई सासूसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कधीपासून खाजवताय?"

"मी? मी कुटं?"

"मी आल्यापासून तुम्ही चारदा लुगडं सारखं केलंत."

सासू गोरीमोरी झाली. "ते वयाचं हाय."

"तुमचं वयाचं, आणि सुनेचं रोगाचं?" बाई मुलाकडे वळल्या. "तुझं कशाचं?" त्यानं लाजून भिंतीकडे तोंड फिरवलं. "सोडा घरात कधी आला?"

"गनपतीत," तो भिंतीला म्हणाला.

"आणि खाज?"

दारातून पहिल्यांदाच सुनेचा आवाज आला, अगदी बारीक. "पितरपाटात, गनपती गेल्यावर. आत्यांना माजे आदी झाली. मी बगितलंता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांची अब्रू जाईल म्हनून."

लुगड्याकडे निघालेला हात सासूनं मागं घेतला. मला वाटलं, आता बाई निकाल ओरडतील, पेटी आत न्यायला लावतील, आणि आपण टाळ्या वाजवू. पण बाईंनी तसं केलं नाही. सोडा बंद, साबण बंद, सगळ्यांचे कपडे साध्या पाण्यातून पुन्हा काढायचे, एवढं सांगितलं. सुनेच्या आणि सासूच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्याचे नमुने दोन काचपट्ट्यांवर घेतले. "हे बघून सांगते. तोवर पेटी हलवायची नाही."

परतीच्या एस.टी.त मी म्हटलं, "सोडाच ना बाई? उघड आहे."

"उघड वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण पोरीच्या अंगावरून थोडं पांढरं जातंय. ते आगीमुळं असेल, कुंडाच्या पाण्यामुळं असेल, किंवा खरंच काही असेल. असलं तरी औषध आहे गं, आठवड्यात बरी होईल. पण ती म्हातारी औषध ऐकणार नाही. फक्त 'रोग' एवढंच ऐकेल." आणि पिशवीतल्या काचपट्ट्या त्यांनी दोन्ही हातांनी अशा धरल्या, जणू एस.टी.च्या धक्क्यानं आतलं उत्तर बदलेल.

दवाखान्यात आल्यावर चपला न काढता त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. पट्टी इकडे सरकव, तिकडे सरकव. मग दुसरी पट्टी. मग परत पहिली. भिंतीपलीकडे माग चालू होते आणि मला माझ्या छातीतला खडखडाट वेगळा ऐकू येत होता. शेवटी त्यांनी मान वर केली आणि मला खुणेनं बोलावलं. मी बघितलं. पापडाच्या चुऱ्यासारखे फिकट तुकडे, बाकी सगळं रिकामं.

"हे काय आहे?"

"कातडीच्या पेशी. सगळ्यांच्याच असतात."

"आणि?"

"आणि काही नाही!" बाई उठल्या, त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्या ठेंगण्या, जाड भिंगांच्या बाईनं तपासणीच्या टेबलाभोवती माझ्यासकट एक फुगडी मारली. "कसलं देखणं काही नाही आहे गं ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही पुन्हा शेलारला. घराला कडी होती. सगळी माणसं भात कापायला गेलेली. बांधावरून जाऊन आम्ही त्यांना गाठलं. बाईंनी सासूला बाजूला घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात सांगितलं. दोघींनाही रोग नाही, सोड्यानं कातडी जळलीय, साध्या पाण्यानं आठवड्यात निवळेल, आणि नाहीच निवळली तर दवाखान्यात यायचं.

सासूचा विळा हातातच. सून चार पावलांवर, अर्धी पेंढी कवटाळून उभी. मग सासूनं विळा कमरेला खोचला, बांधावर चढली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाळी घातली:

"आयकलंव का गो! माजे सुनेला रोगबिग काय न्हाय! सोड्यानं झालंता! आन् मना बी झालंता, मी बोलले न्हाय!"

शेताशेतांत वाकलेल्या बायका सरळ झाल्या. सून हातातली पेंढी टाकून धावत आली आणि सासूचा पदर ओढायला लागली. तिचं तोंड लाल झालं होतं, ती हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नसावं. "आत्या, गप रावा ना! येवडं कशाला बोंबलून सांगताव?"

"मंग?" सासू म्हणाली. "रोग झाला म्हनून सांगितला, तो काय मी कानात सांगितलंता?"

आणि पदर सोडवून घेऊन ती पुढच्या बांधाकडे निघाली, कारण पलीकडच्या शेतातल्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं.